चार पट ठिपक्यांचा हिशेब

परवा भाच्यानं विचारलं, “मामा, गेम खेळायला फोर-के मॉनिटर घेऊ का?” मी आधी विचारलं, “तुझं ग्राफिक्स कार्ड कोणतं?”

फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ते ८३ लाखांच्या घरात जातात, बरोबर चौपट. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील, तर कार्डाला एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंदांत रंगवावं लागतं. कार्ड दमलं की गेम अडखळतो. नेमबाजीच्या गेममध्ये तर शत्रू दिसेपर्यंत आपण गारद झालेलो असतो! अशा गेमसाठी मी १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा, फुल एचडी पडदाच घेईन.

पडद्याचा आकारही बघा. २४ इंचांवर फुल एचडी नीटस दिसतं. तेच २७ इंचांवर ताणलं, की गेममधल्या विजेच्या तारेची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते, लांबच्या झाडाची पानं एकमेकांत मिसळतात. तिथे २५६० बाय १४४० चा पडदा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ठिपके पावणेदोन पटच वाढतात, पण तार सरळ दिसते. निवांत भटकंतीचे गेम आवडत असतील आणि कार्ड दणकट असेल, तर फोर-के जरूर घ्या, डोळे निवतात.

भाच्याचं कार्ड सहा वर्षांपूर्वीचं निघालं. तो आता आधी कार्डासाठी पैसे साठवतोय.