शाळकरी मुलांचा खाऊ आणि साखर
(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील व्याख्यान)



मराठी घरात मुलाला जे शब्द अगदी प्रथम समजू लागतात, त्यांत ‘खाऊ’ या शब्दाची गणना होते. पूर्वी हा खाऊ प्रसंगाने येत असे. बाजारच्या दिवशी वडिलांच्या पिशवीतून फुटाणे व रेवड्या निघत. जत्रेहून बत्तासे व गुडीशेव येई. सणाच्या दिवशी पुरणाची पोळी होई. दोन प्रसंगांच्या मधले दिवस भाकरी, भाजी आणि आमटी यांचे असत. आता खाऊ रोज येतो, पुडीतून येतो, आणि शाळेच्या वाटेवरील दुकानात पाच-दहा रुपयांस मिळतो. गोड हा प्रसंग राहिला नसून तो नित्यक्रम झाला आहे. विषयाचे सार या एका फरकात आहे.

लठ्ठपणा हा शहरातील सुखवस्तू घरांचा विकार आहे, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. तिला आता आधार उरलेला नाही. सन 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा सुमारे 4, आणि 10 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शेकडा सुमारे 5 जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अशा बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये शेकडा 1.9 होते, 2019-21 च्या पाहणीत ते 4.1 झाले. हे आकडे कोणास लहान वाटतील. परंतु त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात शाळकरी वयाची जवळजवळ चौथा हिस्सा मुले कृश आढळली, आणि दर दहांमागे सुमारे एकाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यापर्यंत चढलेली दिसली. म्हणजे एकाच वर्गात, कित्येकदा एकाच बाकावर, अंगाने भरलेले मूल व हाडे दिसणारे मूल शेजारी बसले आहे. दोघांच्या हातातील पुडी मात्र एकच असू शकते. पहिल्याच्या अंगी ती चरबी वाढविते. दुसऱ्याची भूक मारून त्याला भाकरी, डाळ व भाजी यांपासून दूर ठेवते. साखरेचा प्रश्न केवळ लठ्ठ मुलांचा आहे, असे म्हणूनच समजू नये.

साखर शरीराला उष्णता देते. परंतु तिच्यात प्रथिने नाहीत, लोह नाही, चुना नाही, जीवनसत्त्वे नाहीत. शरीराच्या गरजेहून जे अधिक जाते, ते चरबीच्या रूपाने साठते. पेयातून गेलेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे मूल नंतरचे जेवणही कमी करीत नाही. दातांना चिकटून राहिलेल्या गोडापासून तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि दात किडतात. गुळाचे गुणगान पुष्कळ होते. पण या बाबतीत गूळ साखरेहून फारसा निराळा नाही. अर्थात सारा दोष साखरेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तळलेले पदार्थ, मोबाईलपुढे बसून राहणे, खेळाचा अभाव, अपुरी झोप आणि आनुवंशिकता हीही कारणे आहेत. तथापि या सर्वांत शाळेला सहज हात घालता येईल असे कारण साखर हेच होय.

तिचे प्रमाण किती असावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्श्याच्या आत राहिल्यास अधिक चांगले. ज्या मुलाला दिवसाकाठी 1,600 कॅलरी लागतात, त्याच्या बाबतीत पहिली मर्यादा 40 ग्रॅमची, म्हणजे चहाच्या सुमारे दहा सपाट चमच्यांची होते. दुसरी पाच चमच्यांची. आता हिशेब करून पाहावा. दोन वेळच्या चहात दोन-दोन चमचे, म्हणजे चार झाले. शंभर ग्रॅममागे 25 ग्रॅम साखर असलेल्या बिस्किटांचा 50 ग्रॅमचा पुडा खाल्ला, की आणखी तीन चमचे. सायंकाळी 300 मिलिलिटरची थंड पेयाची बाटली संपविली, आणि तिच्यात शंभर मिलिलिटरला 10 ग्रॅम साखर असली, तर साडेसात चमचे. बेरीज साडेचौदा होते. आणि जेवण अद्याप झालेले नाही.

बालपणी गोड कमी मिळाले तर पुढे काय होते, हे मुद्दाम प्रयोग करून पाहता येत नाही. मुलांवर असा प्रयोग करणे उचितही नव्हे. परंतु इंग्लंडच्या इतिहासात तो आपोआप घडला. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये 1940 साली साखरेचे आणि 1942 साली मिठाईचे नियंत्रण सुरू झाले. बऱ्याच काळ दर माणशी दर आठवड्यास सुमारे 225 ग्रॅम साखर मिळत असे. सन 1953 मध्ये, फेब्रुवारीत मिठाईवरील व सप्टेंबरात साखरेवरील नियंत्रण उठले, आणि लोकांचा साखरेचा खप थोड्याच अवधीत जवळजवळ दुप्पट झाला. नियंत्रण उठण्यापूर्वी आणि उठल्यानंतर जन्मलेल्या सुमारे 60,000 माणसांच्या प्रकृतीची तुलना संशोधकांनी केली व तिचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा गर्भकाळ व जन्मानंतरची पहिली दोन वर्षे नियंत्रणाच्या काळात गेली, त्यांना मोठेपणी मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा सुमारे 35 ने आणि रक्तदाबाचे शेकडा सुमारे 20 ने कमी आढळले. त्या मुलांची उपासमार झाली नव्हती, आणि साखर त्यांना अजिबात वर्ज्यही नव्हती. ती मोजकी मिळाली, एवढेच. आरंभीच्या वयातील मोजकेपणा पन्नास-साठ वर्षांनंतरही फळ देतो, हा यातील बोध आहे. पालकसभेला कडेवर बाळ घेऊन येणाऱ्या मातेला ही एक गोष्ट सांगितली, तरी शिक्षकाचे काम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रात हा विषय मांडताना एक संकोच वाटणे स्वाभाविक आहे. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप 1950-51 च्या हंगामात झाले, आणि तेव्हापासून उसाने अनेक गावांना रस्ते, शाळा व महाविद्यालये दिली. ज्या गावाची चूल उसावर पेटते, तेथे साखरेविरुद्ध कसे बोलावे? त्याचे उत्तर असे की, ऊस पिकविणे हा धंदा आहे व मुलाला वाढविणे हा धर्म आहे. दोहोंत वैर मानण्याचे कारण नाही. बोलावयाचे आहे ते उसाविरुद्ध नव्हे, मुलाच्या रोजच्या पुडीविरुद्ध.

अन्नसुरक्षेच्या 2020 च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकण्यास मनाई आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. खेड्यातील शाळेलाही असा फलक सहज करता येईल. त्यासाठी एक जुना पुठ्ठा पुरतो. मुलांनी रिकाम्या पुड्या जमवाव्यात, त्यांवरील बारीक अक्षरे वाचावीत, ग्रॅमला चारने भागून चमचे काढावेत आणि पुठ्ठ्यावर मांडावेत. भाषा, गणित व विज्ञान या तिन्ही विषयांचा पाठ एकाच तासात होतो, आणि मुलाने स्वतः काढलेले उत्तर त्याला उपदेशापेक्षा अधिक पटते. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याऐवजी मुलाने एक रोप लावावे किंवा वाचनालयास एक पुस्तक द्यावे. बक्षीस म्हणून गोळी देण्याची प्रथा बंद करावी. शाबासकी गोड पदार्थाशी जोडली गेली, की ते नाते जन्मभर सुटत नाही. मधल्या सुट्टीच्या खाऊला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी, पेरू, बोरे, काकडी ही सर्व गावात मिळणारी आहेत. आणि खेळाचा तास खेळालाच द्यावा.

एका बाबतीत मात्र फार सावधपणा हवा. लठ्ठ मुलाला वर्गात नावाने हिणवू नये, त्याच्या वजनाचा आकडा सर्वांसमक्ष वाचू नये, आणि ‘जाड्या’ म्हणणाऱ्या सोबत्यांना वेळीच आवरावे. अपमान झालेले मूल खेळाच्या मैदानापासून दूर होते आणि एकटेपणी अधिकच खाऊ लागते. बदल सर्व वर्गासाठी असावा, एकट्या त्या मुलासाठी नसावा. आरोग्य तपासणीस येणाऱ्या पथकाला मात्र ते मूल आवर्जून दाखवावे.

शेवटी, मूल ऐकते त्याहून अधिक पाहते. मधल्या सुट्टीत गुरुजींसाठी कोपऱ्यावरून चहा आणि बिस्किटांचा पुडा आणण्यास ज्या मुलाला धाडले जाते, तो साखरेवरचा पाठ त्याच वाटेवर शिकतो. तेथून पालट झाला, तर बाकीचा पाठ अर्धा शिकवून झाल्यासारखाच आहे. सणाच्या दिवशी पुरणपोळी अवश्य व्हावी आणि मुलांनी ती आनंदाने खावी. तिची गोडी टिकावयाची असेल, तर इतर दिवस साधे राहिले पाहिजेत.