पेटर-मिखाएल कोल्बे : पाच विश्वविजेतेपदे, तीन रौप्यपदके

पेटर-मिखाएल कोल्बेचा जन्म 2 ऑगस्ट 1953 रोजी हॅम्बुर्गमध्ये झाला. त्याचा प्रकार एकेरी नौकानयनाचा. चौदा किलोच्या आसपास वजनाची, माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद नाव, दोन वल्ही आणि 2000 मीटर सरळ पाणी. नाविक पाठमोरा बसतो. अंतिम रेषा त्याला दिसत नाही. मागे पडलेले प्रतिस्पर्धी तेवढे दिसतात. (2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच प्रकारात उतरला होता आणि तेरावा आला होता.)

1975 साली नॉटिंगहॅमला कोल्बे पहिल्यांदा विश्वविजेता झाला आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरला. वय बावीस. पुढच्या वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक होते आणि सुवर्णपदक त्याचेच, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते.

अंतिम शर्यतीत तो सुरुवातीपासून पुढे होता. शेवटच्या काहीशे मीटरमध्ये मात्र त्याचे वल्हे जड झाले आणि फिनलंडचा पेर्ट्टी कार्पिनेन त्याला मागे टाकून गेला. कार्पिनेन रायसिओ गावचा, पेशाने अग्निशामक, उंची दोन मीटरच्या वर. फरक होता 2.64 सेकंदांचा. शर्यतीआधी संघाच्या वैद्यकीय पथकाने कोल्बेला बेरोलेज आणि थायोक्टासिड यांचे इंजेक्शन दिले होते, हे नंतर बाहेर आले. ही द्रव्ये बंदी असलेल्यांच्या यादीत नव्हती, त्यामुळे नियम मोडला नव्हता. गहजब मात्र मोठा झाला आणि ‘कोल्बेचे इंजेक्शन’ हा शब्द जर्मन वर्तमानपत्रांत कायमचा रुळला. शेवटची दमछाक इंजेक्शनमुळे झाली की सुरुवातीच्या वेगामुळे, याचा निवाडा आज कोणी छातीठोकपणे करू शकणार नाही. निरोगी खेळाडूला ऐन शर्यतीआधी सुई टोचण्याची गरज काय होती, हा प्रश्न मात्र तेव्हाही रास्त होता.

1978 साली न्यूझीलंडमधल्या कारापिरो तलावावर तो पुन्हा विश्वविजेता झाला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार घातला आणि कोल्बे घरीच राहिला. सुवर्ण कार्पिनेनने नेले. खेळाडूच्या ऐन उमेदीतली चार वर्षे राजकारणाच्या खात्यावर जमा होतात, तेव्हा ती कोणी परत देत नाही.

या कारकिर्दीतला सर्वांत रंजक अध्याय 1981 चा आहे.  नेहमीच्या नावेत बैठक रुळांवर मागेपुढे सरकते. पाय टेकायची फळी आणि वल्ह्यांना आधार देणारी चौकट, म्हणजे रिगर, पक्की बसवलेली असते. परिणामी ऐंशी-नव्वद किलोंचे शरीर चौदा किलोंच्या नावेवर सतत येरझाऱ्या घालते. शरीर एका बाजूला गेले की हलकी नाव दुसऱ्या बाजूला ढकलली जाते, आणि तिचा वेग प्रत्येक वल्ह्यागणिक चढतो-उतरतो. पाण्याचा रोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग चढताना जेवढी शक्ती जादा खर्च होते, तेवढी उतरताना वाचत नाही. सरासरी वेग तोच, पण एकसारख्या चालणाऱ्या नावेला कष्ट कमी पडतात.

उपाय उलटा होता : बैठक पक्की करायची आणि रिगर व पायफळी सरकती ठेवायची. मग जड शरीर जवळपास जागेवर राहते, हलका सांगाडा तेवढा फिरतो. कल्पना अगदी नवी नव्हती. जर्मन नौकानयनतज्ज्ञ फोल्कर नोल्टे यांनी ती शर्यतीच्या नावेत नीट बसवली. अशा नावेतून कोल्बेने 1981 ची जागतिक स्पर्धा म्युनिकच्या पाण्यावर, मायदेशात, जिंकली. बाकीच्यांना इशारा पुरला. 1983 साली डुइसबुर्गला कोल्बे चौथ्यांदा विश्वविजेता झाला, तोवर एकेरीच्या अंतिम फेरीत सरकत्या रिगरचेच राज्य होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नौकानयन महासंघाने तो बंद केला. महागडी नाव घेऊ न शकणारे देश मागे पडतील, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते, पण त्याच न्यायाने लाकडाच्या जागी आलेल्या कार्बन फायबरच्या नावाही बंद करायला हव्या होत्या.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सगळे पुन्हा जुन्या पद्धतीच्या नावांत बसले. कासिटास तलावावर कोल्बे आणि कार्पिनेन परत समोरासमोर आले आणि निकाल माँट्रियलसारखाच लागला. या वेळी अंतर दोन सेकंदांहूनही कमी. कार्पिनेनचे हे सलग तिसरे ऑलिंपिक सुवर्ण.

दोन वर्षांनी कोल्बेने पाचवे विश्वविजेतेपद मिळवले, तेही नॉटिंगहॅमलाच. त्याचे वय तेहेतीस झाले होते. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये कार्पिनेन अंतिम फेरीत पोचलाच नाही, आणि वाट मोकळी झाली असे वाटले. पण पूर्व जर्मनीचा थॉमस लांगे उभा होता, कोल्बेहून जवळपास अकरा वर्षांनी लहान. लांगे 6 मिनिटे 49.86 सेकंदांत पोचला, कोल्बे जवळपास पाच सेकंदांनी मागून. तिसरे रौप्य. माँट्रियल आणि सोल यांमध्ये बारा वर्षे गेली होती. एवढा काळ या प्रकारात पहिल्या दोघांत टिकणे किती जणांना जमते, हे निकालांच्या याद्या चाळल्या की कळते.

यानंतर तो स्पर्धेतून निवृत्त झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाचे माजी अध्यक्ष थॉमस केलर यांच्या नावाचे पदक 1990 साली पहिल्यांदा देण्यात आले, ते कोल्बेला. पुढे जर्मन नौकानयन संघटनेचा क्रीडा संचालक म्हणून त्याने काम पाहिले. दोन्ही जर्मनींचे संघ एकत्र आणण्याचा तो काळ होता, आणि ज्याने सोलमध्ये त्याला हरवले तो लांगे आता त्याच संघाचा नाविक होता. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लांगेने एकेरीचे सुवर्ण एकत्रित जर्मनीसाठी पुन्हा जिंकले. डिसेंबर 2023 मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, कोल्बेचे निधन झाले.