ब्लाइथडेल : एका स्वप्नवसाहतीची कादंबरी

इ. स. १८४१ च्या एप्रिलमध्यें अमेरिकन लेखक नॅथॅनियल हॉथॉर्न हा बोस्टनजवळील ब्रूक फार्म या नव्या वसाहतींत राहावयास गेला. जॉर्ज रिप्ले या धर्मोपदेशकानें ती स्थापिली होती. विद्वानानें नांगर धरावा, श्रमिकानें ग्रंथ वाचावा आणि सर्वांनीं स्पर्धेवांचून नांदावें, हा तिचा हेतु. हॉथॉर्ननें पदरचे एक हजार डॉलर तींत गुंतविले, गोठ्यांतील शेणहि उपसलें. परंतु दिवसभर राबलेल्या हातांना लेखणी उचलेना. वर्ष संपण्यापूर्वींच त्यानें वसाहत सोडली. पुढें १८४६ मध्यें तेथील मोठी इमारत पुरी होण्याआधींच जळाली, आणि १८४७ मध्यें वसाहत मोडली.

या अनुभवाच्या आधारें हॉथॉर्ननें १८५२ सालीं ‘द ब्लाइथडेल रोमान्स’ ही कादंबरी लिहिली. तींतील कल्पित वसाहतींत राहणाऱ्या हॉलिंग्सवर्थला गुन्हेगारांच्या उद्धाराचा ध्यास लागला आहे. पण त्यापायीं जवळचीं माणसें त्याला केवळ साधनें वाटूं लागतात. मानिनी झेनोबिया त्याच्यावर जीव जडविते. तो तिची सावत्र बहीण प्रिसिला हिची निवड करतो, आणि झेनोबिया नदींत देह टाकते. कांहीं वर्षांनीं, किती गुन्हेगार सुधारले, असें निवेदक कव्हरडेल त्याला विचारतो. एकहि नाहीं, असें तो सांगतो; एकाच खुन्याची चिंता त्याला पुरली आहे. तो खुनी म्हणजे तो स्वतःच!

समाजाच्या उद्धारास निघालेल्यानें शेजारच्या माणसाचें मन तुडवूं नये, हाच या कादंबरीचा बोध आहे.