रंगाखालचा गंज



काही वर्षांपूर्वी मी १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. रंग नवा, पत्रा आरशासारखा. शिक्षकाच्या पगारात अशी गाडी मिळाली याचाच आनंद मोठा होता. पहिल्याच पावसाळ्यात आळंदच्या रस्त्यावर चाक पंक्चर झाले. दाराखालच्या पट्टीला जॅक लावला. जॅक चढला, गाडी मात्र उचलली गेली नाही. पट्टी फाडून जॅक आत शिरला होता. आत पाहतो तो वर्तमानपत्रांचे बोळे आणि त्यांवर थापलेली लांबी!

हे केवळ पैशाचे नुकसान नव्हते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या हाच तिचा सांगाडा. तो पोकळ झाला, तर अपघातात आतल्या माणसांना आधार कशाचा?

गंज बाहेरून लागतो, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तो आतून येतो. आपल्या भागातील काळी माती चाकावरच्या कमानीत चिकटून बसते आणि वरून वाळली तरी आत ओल धरते. दाराच्या काचेवरून उतरणारे पाणी खालच्या भोकांतून निघून जावयाचे. ती बुजली की ते आतच साठते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून वरच्या रंगाला फोड येतात. फोड दिसेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

परीक्षा सोपी आहे. मऊ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे खाली लांबी आहे. बोटाच्या पेराने ठोकावे. धड पत्रा खणखणतो, लांबी बद्द वाजते. पायाखालचे आच्छादन उचलून तळ पेचकसाने दाबून पाहावा.

गंज वरवरचा असेल, तर स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासून त्याच दिवशी प्रायमर लावावा. भोक पडले असेल, तर लांबी हा उपाय नव्हे. कुजका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो. लांबी शेवटी, सांधा सपाट करण्यापुरतीच. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. काम पेट्रोलच्या टाकीजवळ असेल, तर टाकी उतरवूनच ठेवावी. पोकळ भागात गंजरोधक मेण फवारावे आणि पावसाळ्यापूर्वी पाणी जाण्याची भोके मोकळी करावीत.

आमच्या बीदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून बिदरी भांडी ओततात आणि किल्ल्यातील मातीच्या लेपाने ती काळी करतात. त्याच जस्ताचा मुलामा लोखंडी पत्र्यावर दिला, तर ते आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. अलीकडच्या अनेक गाड्यांना हे कवच असते. माझ्या गाडीला ते नव्हते.

दोन्ही पट्ट्या बदलून घेतल्या. खर्च ऐकून घरात थोडी कुरकुर झाली. पण मुलांना मागे बसवताना आता माझ्या मनात धाकधूक नसते. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगाची तारीफ करण्याआधी खिशातले लोहचुंबक काढावे, एवढेच माझे सांगणे.