सेवेचे मोजमाप

समाजसेवेच्या संस्थेकडे पैशाचा हिशेब मागितला तर कोणी रागावत नाही. वर्षाच्या अखेरीस हिशेबतपासनीस येतो, पावत्या पाहतो, ताळेबंद छापला जातो आणि वार्षिक सभेत तो एकमताने मंजूर होतो. परंतु त्याच सभेत एखाद्याने उठून विचारले की, ज्यांच्यासाठी हा पैसा खर्च झाला त्यांच्या आयुष्यात फरक काय पडला, आणि पडलेला फरक या कामामुळेच पडला हे कशावरून, तर क्षणभर शांतता पसरते. सेवेच्या ठिकाणी असा प्रश्न विचारणे हे काहीसे अश्रद्धेचे लक्षण मानले जाते. हा प्रश्न किती आवश्यक आहे, हे ज्या गावाच्या इतिहासावरून चांगले कळते ते गाव म्हणजे सुरत जिल्ह्यातील बारडोली.

बारडोलीचे नाव निघाले की १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना मिळालेली 'सरदार' ही पदवी आठवते. शेतकऱ्यांचे धैर्य आणि संघटना यांचे गुणगान पुष्कळ झाले आहे, आणि ते यथार्थच आहे. त्या लढ्याच्या मुळाशी मात्र एक आकडेवारीचा वाद होता, याचे स्मरण क्वचितच होते. तालुक्याचा शेतसारा सरकारने २२ टक्क्यांनी वाढवला होता. ही वाढ ज्या अहवालावर आधारलेली होती, त्यात जमिनीच्या खंडाचे करार प्रमाण मानले होते. पण ते करार खरोखर कशाचे आहेत, याची गावोगाव जाऊन पुरेशी चौकशी झाली नव्हती. नरहरी परीख यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या अहवालातील आकडे तपासून त्यांतील उणिवा उघड्या केल्या. तडजोडीनंतर न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूलखात्याचे मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. या दोघांनी गावे पाहिली, शेतकऱ्यांना समोर बसवून विचारले, आणि त्यांना असे आढळले की, खंड म्हणून धरलेल्या अनेक रकमा वस्तुतः गहाणाचे व्याज होत्या. २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. सत्याग्रहाने सरकारला चौकशीस भाग पाडले. चौकशीने सरकारचा दावा खोडून काढला.

ज्या काट्यावर सरकारचे माप तोलले गेले, त्याच काट्यावर सेवकाने स्वतःचेही माप घालावयास हवे. बारडोलीच्या इतिहासाचे दुसरे प्रकरण येथे सुरू होते.

त्या भागात शेतमालकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबणारा दुबळा नावाचा भूमिहीन समाज होता. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यावे, त्यापायी त्याचा 'हाली' व्हावे, बायकोने त्याच्या घरचे शेणगोठा करावे आणि कर्ज कधीच फिटू नये, अशी ती रीत. गांधीयुगातील कार्यकर्त्यांनी या समाजाला 'हळपती', म्हणजे नांगराचा धनी, हे मानाचे नाव रूढ केले. वेडछीचे जुगतराम दवे यांनी या लोकांच्या आणि आदिवासींच्या शिक्षणासाठी जन्म वेचला. १९३९ साली सरदारांच्या पुढाकाराने हालींच्या मुक्ततेचा समझोता झाला. १९४६ साली हळपती सेवा संघ स्थापन झाला. आश्रमशाळा निघाल्या, घरबांधणीची कामे झाली. हेतू निर्मळ होता आणि त्यागही खरा होता.

परंतु हेतूवरून फळ ठरत नाही. त्यासाठी शेतावर आणि झोपडीत जावे लागते. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ दक्षिण गुजरातेतील दोन गावांत राहिले. मालकांची बाजू त्यांनी ऐकली, तशीच मजुरांचीही ऐकली, आणि १९७४ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. वंशपरंपरेचे बंधन सैल झाले होते, हे त्यांना दिसले. पण त्याबरोबरच वाईट दिवसांत मालकाकडून मिळणारा मूठभर धान्याचा आधारही गेला होता, हेही दिसले. हाली मुक्त झाला होता, आणि रोजच्या कामाची शाश्वती नसलेला मजूर म्हणून दारिद्र्यातच होता. केवळ 'किती हाली सुटले' एवढे मोजणाऱ्या अहवालात ही गोष्ट आली नसती.

पुढची गोष्ट तर मराठी माणसाच्या अधिक जवळची आहे. बारडोलीच्या परिसरात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला, शेतकरी सधन झाला. स्थानिक भूमिहीनाला त्या उसाने काम द्यावे अशी अपेक्षा असणार. प्रत्यक्षात दिवाळीनंतर खानदेशातून हजारो तोडणी मजूर मुकादमाची उचल घेऊन तेथे येऊ लागले. नवरा, बायको आणि हाताशी एखादे पोर मिळून एक 'कोयता'. राहण्यास शेताकडेची पालाची झोपडी. कामाला दिवस नाही, रात्र नाही. उचलीने बांधलेला आणि हंगाम संपताच परत जाणारा परमुलखातला मजूर मालकाला अधिक सोयीचा असतो, हे ब्रेमन यांनी १९७८ साली दाखवून दिले. मजुराच्या दारी जाऊन पाहणी झाली नसती, तर सहकाराच्या भरभराटीच्या आकड्यांत दोन्ही मजूर, बेकार बसणारा हळपती आणि रात्रंदिवस राबणारा खानदेशी, बेमालूम झाकले गेले असते.

कोणी म्हणेल, ज्यांची सेवा केली त्यांनाच विचारावे, म्हणजे झाले. विचारावे हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. बारडोलीचा समझोता झाला त्याच १९३९ साली अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक प्रयोग सुरू झाला. गुन्हेगारीकडे वळण्याचा संभव असलेल्या मुलांच्या सारख्या जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून जोडीतील एकाला समुपदेशकाचे साहाय्य, शिकवणी, औषधोपचार दिले. दुसऱ्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले. जोन मॅकॉर्ड या संशोधक विदुषीने सुमारे तीस वर्षांनी त्या मुलांचा शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश लोकांनी मदतीने आपले भले झाले असे सांगितले. नोंदी मात्र उलट बोलत होत्या! पुन्हा पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू यांत मदत मिळालेले पुरुष आपल्या जोडीदारांहून वाईट ठरले. कृतज्ञता खरी होती, पण ती परिणामाचा पुरावा नव्हती. तुलनेला दुसरा गट नसता, तर हा प्रयोग यशस्वी म्हणून गाजला असता.

मोजमापामुळे सेवेचा उत्साह मावळतो, ही भीतीही अनाठायी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्यासाठी गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी मोजले. ३९ गावांत हे काम केले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, आणि दोन्हीकडचा प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू नोंदला. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ साली, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलेले दिसले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. केवळ हृदयस्पर्शी हकिकती सांगून हे घडले नसते. मोजल्यामुळे एका जिल्ह्याचे काम देशाच्या उपयोगी पडले.

तुलनेची गावे मदतीविना ठेवणे क्रूरपणाचे नव्हे काय, हा आक्षेप गंभीर आहे. जो उपाय गुणकारी म्हणून आधीच सिद्ध झाला आहे, तो कोणापासून अडवून ठेवणे अन्यायच होय. पण ज्याचा गुण अजून ठाऊक नाही, तो न तपासता सर्वांवर लादणे हाही अन्यायच, आणि तो लवकर ध्यानात येत नाही म्हणून अधिक घातक.

लहान संस्थेला मोठे प्रयोग परवडणार नाहीत. तरी चार गोष्टी कोणालाही करता येतील. काम सुरू होण्याआधीची स्थिती लिहून ठेवावी. जे आले त्यांच्याबरोबर जे मध्येच सोडून गेले त्यांचीही चौकशी करावी. पाहणी काम करणाऱ्यांनीच न करता त्रयस्थाकडून करवावी. आणि अपयश आढळले, तर ते यशाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. तोडणी मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा काढली, तर पटावर किती नावे आहेत हे सांगणे सोपे असते. हंगाम संपल्यावर ती मुले गावच्या शाळेत परतली काय, आणि परतलेल्यांना धडा वाचता आला काय, हे पाहणे कठीण असते. त्या मुलांना उपयोगी पडणारी पाहणी ती दुसरी.

१९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्याने सरकारला सांगितले की, आमच्याविषयी बोलण्यापूर्वी आमच्या शेतावर येऊन पाहा. हळपती आणि उसाच्या फडातला खानदेशी मजूर यांना तेच म्हणण्याचा तितकाच हक्क आहे. आणि त्यांनी ते सरकारला म्हणावे, तसेच त्यांच्या सेवकालाही म्हणावे.