फोन घेण्याआधी



अद्वैतापासून अर्थसंकल्पापर्यंतचे विषय ज्या व्यासपीठावर हाताळले जातात, तेथून आज आम्ही फोनच्या खरेदीविषयी बोलणार, हे पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. त्या तशाच राहू द्याव्यात. कित्येक घरांत महिन्याच्या पगाराहून मोठी रक्कम या वस्तूवर खर्च होते. शिवाय 2016 साली यूपीआय आल्यापासून घरातील पैशांची पिशवीही तिच्यातच जाऊन बसली आहे. अशी वस्तू आपण ‘हा सध्या फार चालतो’ या दुकानदाराच्या एका वाक्यावर घेतो. साडी घेतानाही आपल्या घरी याहून अधिक चर्चा होते.

कोणता फोन चांगला, असे आम्हांला नेहमी विचारतात. कोणासाठी, कोठे आणि किती वर्षे, हे ठरल्याखेरीज त्या प्रश्नाला उत्तर नाही.

शेतकऱ्याचेच पाहा. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून फोनवर पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि नोंद करायची. ती सातबाऱ्यावर चढते. पुढे गारपीट झाली की त्या नोंदीची किंमत कळते. या माणसाने फोन निवडताना प्रथम आपल्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहावे. बांधावर एकीची आणि घरी दुसरीची येत असेल, तर दोन सिमकार्डांची सोय त्याच्या दृष्टीने चैन नव्हे. दुसरी गोष्ट पडद्याची. दुकानाच्या दिव्याखाली कोणताही पडदा झगझगीत दिसतो. फोन हातात घेऊन भर दुपारी दुकानाच्या पायरीवर उभे राहावे. तेथे अक्षरे वाचता आली तरच पुढे बोलावे. खेळ किती वेगाने चालतात, हे विक्रेता सांगेल. ते ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

आजीबाईंना मोठा आवाज, मोठी अक्षरे आणि हाताला न जाणवणारे वजन हवे असते. कॉलेजातील मुलाला साठवणीची जागा जास्त लागते. असो.

मेगापिक्सेल या शब्दाने आपल्या लोकांना जितके भुलवले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाने भुलवले असेल. 200 मेगापिक्सेल म्हणजे 20 कोटी बिंदू. वस्तुतः असे कॅमेरे एरवी सोळा-सोळा बिंदू एकत्र करून सव्वा कोटी बिंदूंचेच चित्र देतात. आणि घरच्या फोर-के दूरदर्शन संचावर बिंदू मावतात सुमारे 83 लाख! संध्याकाळच्या हळदीकुंकवाचे छायाचित्र कसे येईल, हे या आकड्यावरून कळत नाही. भिंग आणि प्रकाशग्राही पट्टिका यांचा आकार, त्यांमागचे गणित, यांवर ते अवलंबून असते. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक छायाचित्र काढून पाहणे हा सोपा उपाय आहे.

आता ज्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो तो मुद्दा. बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांच्या रंगावर जात नाही. तो बैलाचे दात पाहतो. किती वर्षे औताला चालेल, हा त्याचा प्रश्न असतो. फोनचे दात म्हणजे कंपनीने कबूल केलेली सुरक्षा-दुरुस्तीची वर्षे. ती संपली म्हणून फोन बंद पडत नाही, पण चोरांना नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही. आणि आत आपले बँकेचे खाते असते. गूगलने 2023 साली पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 साली गॅलक्सी एस 24 ला सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनांत हा काळ बहुधा पुष्कळ कमी असतो. शिवाय ही वर्षे सहसा तो नमुना बाजारात आला तेव्हापासून मोजतात, आपण घेतला तेव्हापासून नव्हे. दिवाळीच्या मोठ्या सवलतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा नमुना म्हणजे पुष्कळदा दात झिजलेला बैल. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून तेथे विकायला येणाऱ्या फोनांसाठी कायदाच केला: नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे या दुरुस्त्या दिल्या पाहिजेत. आपण निदान दुकानात हा प्रश्न तरी विचारावा. उत्तर देताना विक्रेता गोंधळला, तर ते कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावे.

जुना फोन विकत घेणाऱ्याने स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबावे. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. तो सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तपासून मगच पैसे मोजावेत. आणि घरातला फोन केवळ दुपारीच मान टाकत असेल, पण दुरुस्त्या अजून येत असतील, तर बहुधा त्याची बॅटरी तेवढी थकली आहे. ती बदलून मिळते, आणि नव्या फोनच्या मानाने फार थोड्या पैशांत.