रेवड्यांची कुस्ती



आत येतानाच एका गृहस्थांनी मला दारात अडवलं. नेप्तीच्या बाजारातून थेट आले असावेत, कारण सदऱ्याला कांद्याची पात चिकटलेली होती. म्हणाले, "बोर्डावर विषय वाचला. इथं मालाला भाव नाही आणि सरकारनं पळणाऱ्यांना पैसे द्यायचे?" प्रश्न चोख होता. मी विचारलं, तुमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो? "भरतो की!" वर्गणी देता? "दरसाल." मग आम्ही दोघंही हसलो, पण उत्तर काही झालं नाही. ते आता देतो.

हगामा तुम्हाला मी काय सांगावा. दुपार कलली की हलगी कडाडते आणि आखाड्यात आधी उतरतात ती आठ-दहा वर्षांची पोरं. कुणाचा लंगोट मोठ्या भावाचा, दोनदा गुंडाळलेला. जोड लावणारा दोघांची मनगटं धरून उंची मापतो आणि सोडून देतो. जिंकलेल्याला मूठभर रेवड्या. हरलेला रडतो, मग त्यालाही चार मिळतात. पुढं दहाची, पन्नासची, पाचशेची कुस्ती. पंच नोटा वर धरून इनाम पुकारतात. दिवस मावळताना शेवटची मोठी जोड, जिच्यासाठी परगावचे पैलवान आणलेले असतात. वर्गणी शेवटच्या कुस्तीच्या नावानं गोळा होते, हे खरं. पण सुरुवात रेवड्यांनी होते, हा क्रम कुठलीही पंचकमिटी मोडत नाही. हल्ली राजकारणात रेवडी शब्द बदनाम झालाय. आखाड्यातली रेवडी मात्र घाम गाळल्याशिवाय मिळत नाही.

सरकारचा हगामा उलटा चालतो. आधी शेवटची कुस्ती आणि तिथंच सगळं इनाम. 2025 साली आपल्या नगरनं, जुनी सवय, अहिल्यानगरनं म्हणायला हवं, वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी पाहिली. मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली, कारण कुस्तीच्या संघटना दोन. वाडिया पार्कवर विजेत्या पृथ्वीराज मोहोळला थार गाडी मिळाली. मिळावीच. पण त्या आठवड्यात गर्दीतल्या कितीजणांना ठाऊक होतं, की आपल्या गल्लीतल्या पोराला सकाळी कोण वस्ताद शिकवतो आणि त्याच्या दुधा-बदामाचं काय होतं?

"सरकारनं खेळावर खर्च करावा का" हा प्रश्न खरं तर जुना झाला. सरकार करतंच आहे, फक्त तो खेळाच्या नावावर दिसत नाही, नोकरीच्या मस्टरवर दिसतो. नगरहून कडा ओलांडलं की आष्टी. त्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तो नोकरीसाठी, पळण्यासाठी नव्हे. सैन्यानं त्याचे पाय ओळखले. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूच्या मागं फक्त 0.05 सेकंद. त्याच्या बुटांचे, प्रशिक्षकाचे, पोटाचे पैसे कुणी दिले? तुम्ही-आम्ही, संरक्षण खात्यातून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पॅरिसच्या ऑलिम्पिकला 2024 साली त्यानं नेमबाजीत कांस्य आणलं.

पण स्वप्नीलच्या गोष्टीत आणखी एक पान आहे आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. 2009 साली वडिलांनी त्याला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पोरगं चौदा वर्षांचं. पदक नाही, नाव नाही, रायफल म्हणजे महागडं प्रकरण. तिथं सरकारनं रेवडी दिली. पदक पंधरा वर्षांनी आलं. साबळेचे पाय मात्र ओळखले ते सैन्यानं. सैन्य भरतीत छाती-उंची भरली नसती, तर तो आज कुठं असता?

कुणी म्हणेल, ब्रिटनसारखं करा. अटलांटाला 1996 मध्ये त्यांना एकच सुवर्ण मिळालं, मग लॉटरीचा पैसा खेळात ओतला आणि 2016 ला रिओत 27 सुवर्णं. हिशेब झकास दिसतो. पण पदकाची आशा नाही म्हणून 2014 मध्ये त्यांनी बास्केटबॉलचं अनुदान तोडलं, आणि तिथल्या शहरांतल्या गरीब वस्त्यांतली पोरं नेमकं तेच खेळतात. पदकं मोजून पैसे वाटले की असं होतं. आपल्याला तो धडा आयता मिळालाय.

मी ज्या शाळेत शिकलो तिथं क्रीडा-साहित्याची खोली होती. किल्ली शिपायाकडं. एकदा चोरून खिडकीतून पाहिलं, एक गोळा, हवा गेलेला व्हॉलीबॉल आणि वर उलट्या रचून ठेवलेल्या खुर्च्या. खेळाच्या तासाला गणिताचे सर यायचे, त्यांचा पोर्शन मागं असायचा. आज सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. म्हणजे खेळाचा दाखला आणला की सरकार उदार. दाखल्याची किंमत अशी वाढवली की बनावट दाखले निघणारच, आणि ते निघालेही. तेच पैसे क्रीडाशिक्षकाच्या पगारात, मैदानावरच्या दिव्यात, मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत घाला. तिथं बनावटपणा करायला फारसा वाव नाही. दिवा एकतर लागतो, नाहीतर लागत नाही. संकुल बांधायला पैसा निघतो, हो, पण बांधून झाल्यावर कुलूप कोण उघडणार याची तरतूद नसते.

आणि दारातल्या त्या गृहस्थांना एवढंच, की कांद्याच्या भावाचा प्रश्न खेळाचा पैसा अडवून सुटणार नाही. तुम्ही यात्रेची वर्गणी भाव पडलेल्या सालीही दिलीत.

पैलवान खाशाबा जाधवांचं सांगतो आणि बसतो. 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वर गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. आता राज्यात त्यांच्या जन्मदिवशी, 15 जानेवारीला, क्रीडा दिन होतो. त्या वेळी मात्र ते कऱ्हाडला परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गुलाल झाला. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, तिकिटाच्या. जमलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.